‘बारा वाजता सूर्य डोक्यावर’ हे छापणे थांबवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना लागला की शून्य सावलीच्या बातम्या सुरू होतात. मुले गच्चीवर जातात, काठ्या रोवतात, हे चांगलेच आहे. पण या बातम्यांत दोन वाक्ये हमखास असतात : ‘राज्यात आज सावली गायब’ आणि ‘दुपारी ठीक बारा वाजता सूर्य डोक्यावर’. दोन्ही चूक आहेत, आणि खरोखर बघायला निघालेल्या माणसाचा त्यामुळे विरस होतो. पुण्यात १३ मे रोजी बाराच्या ठोक्याला एक मीटरची काठी उभी केली, तर तिची सावली तेरा सेंटिमीटर भरेल. मुंबईत १५ मे रोजी जवळजवळ पंधरा. मूल म्हणणार, ‘कुठे गायब झाली?’ आणि विषय तिथेच संपणार.

घड्याळाची भानगड आधी सांगतो. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, म्हणजे मिर्झापूरजवळच्या रेषेची. पुणे ७३.९ अंशांवर आहे. दर अंशाला चार मिनिटे, म्हणून पुण्याची मध्यान्ह, म्हणजे सूर्य सर्वांत उंच येण्याची वेळ, सरासरी १२.३५ ला होते, मुंबईची १२.३८ ला, नागपूरची १२.१४ ला. सरासरी म्हणायचे कारण, सूर्यही वर्षभर घड्याळाच्या मागेपुढे होत असतो. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि वेगाने पळते. शिवाय तिचा आस कललेला. दोन्हींचा परिणाम एकत्र होऊन नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्य घड्याळाच्या सोळा मिनिटे पुढे असतो आणि फेब्रुवारीच्या मध्याच्या आसपास चौदा मिनिटे मागे. पुण्याची मध्यान्ह त्यामुळे १२.१८ पासून १२.४९ पर्यंत सरकते; बारा वाजता ती कधीच होत नाही. नागपुरात नोव्हेंबरच्या सुरुवातीला मात्र बाराला तीन मिनिटे कमी असतानाच सूर्य माथ्याची रेषा ओलांडून गेलेला असतो.

गंमत अशी की हा आकडा काढायला लागणारी सामग्री आपल्याच अंकात रोज छापून येते. सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या वेळांची बेरीज करायची आणि निम्मी करायची. पुण्यात १३ मेला सूर्योदय ६.०२, सूर्यास्त १९.००, बेरीज २५.०२, निम्मे १२.३१. ही त्या दिवशीची मध्यान्ह. अट एकच, वेळा त्याच गावच्या हव्यात. मुंबईच्या वेळा साऱ्या आवृत्त्यांना लावल्या, तर नागपूरचा वाचक पंचवीस मिनिटांनी चुकतो, आणि सूर्य माथ्याजवळ असताना पंचवीस मिनिटे म्हणजे सहा अंश.

आता तारीख. सूर्य ज्या दिवशी गावाच्या अक्षांशाइतका उत्तरेला आलेला असतो, त्या दिवशी तो मध्यान्हीला बरोबर माथ्यावर येतो. पणजीला २ मे, सावंतवाडीला ३ मे, कोल्हापूरला ६ मे, पुण्याला १३, मुंबईला १५-१६, नागपूरला २६, आणि नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला मे संपता संपता. म्हणजे शून्य सावलीची रेषा महिनाभर राज्यातून चालत जात असते. मेच्या पहिल्या आठवड्यात ती दिवसाला तीस किलोमीटर, म्हणजे पालखीच्या चालीच्या साधारण दुप्पट वेगाने उत्तरेकडे सरकते. नागपूरपर्यंत पोहोचताना अठरा-वीस किलोमीटरवर येते, कारण २१ जूनच्या मुक्कामाआधी सूर्याची उत्तरेकडची चाल मंदावत जाते. परतताना तीच रेषा पुन्हा लागते : नागपूरला १७ जुलै, मुंबईला २७-२८ जुलै, पुण्याला ३० जुलै, कोल्हापूरला ६-७ ऑगस्ट. या दुसऱ्या खेपेची बातमी फारशी होत नाही, कारण तेव्हा सूर्यच दिसत नाही.

या दोन तारखांच्या मधल्या दिवसांविषयी मात्र कोणी लिहीत नाही, आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे. १३ मे ते ३० जुलै हे चांगले अठ्ठ्याहत्तर दिवस पुण्याचा सूर्य दुपारी माथ्याच्या उत्तरेला असतो. नुसता दुपारी नव्हे, दिवसभर. पूर्वेच्या उत्तरेला पंचवीस अंशांपर्यंत सरकून उगवतो, माथ्याच्या उत्तरेने जातो आणि पश्चिमेच्या तितकाच उत्तरेला मावळतो. दक्षिणेकडच्या भिंतीला या काळात थेट ऊन लागतच नाही. पुस्तकात मात्र ‘दुपारी बारा वाजता सूर्याकडे तोंड केले की ती दक्षिण’ असे असते. दिल्लीत ते बाराही महिने खरे आहे, लंडनमध्येही खरे आहे. पुण्यात, सोलापुरात, नांदेडात जूनमध्ये ते सपशेल उलटे आहे.

सूर्याची रोजची वाट डोळ्यांपुढे आणायची, तर ध्रुवताऱ्याकडे रोखलेल्या एका काठीत ओवलेल्या बांगड्या आठवाव्यात. दर दिवसाची वाट म्हणजे एक बांगडी. काठी किती तिरपी, हे अक्षांश ठरवतो : पुण्यात ध्रुव साडेअठरा अंश उंच, म्हणून बांगड्या उभ्या दिशेपासून तेवढ्याच दक्षिणेकडे कललेल्या. ऋतू ठरवतो आज कोणती बांगडी. डिसेंबरात दक्षिणेकडची, जूनमध्ये उत्तरेकडची, आणि या दोन टोकांत सत्तेचाळीस अंशांचे अंतर. लंडनमध्ये काठी साडेएक्कावन्न अंश उभी, म्हणून तिथल्या बांगड्या बऱ्याच आडव्या होतात. जूनमध्ये बांगडीचा फार मोठा भाग क्षितिजाच्या वर राहतो आणि डिसेंबरात फार थोडा. तिथला जूनचा दिवस साडेसोळा तासांहून मोठा आणि डिसेंबरचा आठ तासांहूनही लहान, तो यामुळे. पुण्यात हाच फरक सव्वातेरा तास आणि अकरा तास एवढाच.

एकाच दिवशी तीन गावांत एक मीटरची काठी रोवली, तर हे सगळे डोळ्यांनी दिसते. २१ जूनच्या मध्यान्हीला दिल्लीत सावली नऊ सेंटिमीटर, उत्तरेकडे. उज्जैनला अर्धा सेंटिमीटरसुद्धा नाही, कारण कर्कवृत्त तिथून हाकेच्या अंतरावर. पुण्यात साडेआठ सेंटिमीटर, पण दक्षिणेकडे. वर्षभराचा हिशेब पुण्यापुरता असा : २२ डिसेंबरला नव्वद सेंटिमीटर उत्तरेकडे, विषुवदिनी साडेतेहेतीस, १३ मेला शून्य, मग दक्षिणेला. मॉरिशसमधल्या मराठी घरांत हेच चित्र आरशात बघितल्यासारखे दिसते. पोर्ट लुई विषुववृत्ताच्या दक्षिणेला वीस अंशांवर, म्हणून तिथे सूर्य वर्षाचा बहुतेक काळ उत्तरेला, आणि २२ नोव्हेंबर ते २० जानेवारीच्या सुमारास दक्षिणेला.

विषुवदिनीच्या सावलीला आपल्याकडे नाव आहे : पलभा. बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे सरळ उभी खुंटी, आणि त्याची त्या दिवशीची मध्यान्हीची छाया. पुण्याची पलभा चार अंगुळे, कोल्हापूरची ३.६, नागपूरची ४.६. अक्षांश हा शब्दही न उच्चारता गावाचा अक्षांश सांगणारा हा आकडा पंचांगकर्त्यांच्या नित्य वापरातला आहे. लग्नाचा मुहूर्त काढण्याच्या गणितात तो अजून जिवंत आहे, शाळेच्या भूगोलात नाही. असो.

ज्यांना खरेच मोजायचे आहे त्यांच्यासाठी थोडे तपशिलात लिहितो, कारण बहुतेक प्रयोग इथेच फसतात. पहिली चूक वस्तूची. निमुळती बाटली, शंकूच्या आकाराचे खेळणे, खाली रुंद असलेला पेला यांची सावली कित्येक दिवस ‘गायब’ असते, कारण ती त्यांच्याच बुडाखाली लपते. सरळ उभा नळ घ्यावा. चार इंची पीव्हीसी पाइपचा मीटरभर तुकडा उत्तम. दुसरी चूक ओळंब्याची. मीटरभर पाइप एक अंश कलला, तर टोकाची सावली सतरा मिलिमीटर सरकते. पुण्यात मेच्या मध्याला सूर्य दिवसाला पाव अंश सरकतो, म्हणजे एक अंशाचा कल म्हणजे चार दिवसांची चूक. गच्चीला पाण्यासाठी उतार दिलेला असतो, हे विसरायचे नाही. फरशीवर भरवसा न ठेवता गवंड्याचा ओळंबा पाइपच्या दोन बाजूंनी धरून बघावा, एक उत्तर-दक्षिण बाजू आणि एक पूर्व-पश्चिम. तळाशी पुठ्ठ्याच्या पाचरी सारून पाइप सरळ करावा.

तिसरी चूक सावलीच्या कडेची. सूर्य ठिपका नाही, अर्धा अंश रुंद तबकडी आहे, त्यामुळे मीटरभर उंचीवरून पडणाऱ्या सावलीची कड नऊ मिलिमीटर पुसट असते. ‘टोक नेमके कुठे?’ यावर घरोघर वाद होतात ते यामुळेच. उपाय सोपा. जाड पुठ्ठ्याला तीन मिलिमीटरचे भोक पाडा, पुठ्ठा स्टुलाच्या कडेला आडवा चिकटवा, भोकातून ओळंबा सोडून जमिनीवरच्या कागदावर त्याचे टोक पडते तिथे खूण करा आणि मग ओळंबा काढून घ्या. कागदावर सूर्याचे गोल बिंब पडेल. मध्यान्हीला बिंबाचे केंद्र खुणेवर आले, तर सूर्य बरोबर माथ्यावर. दोन दिवस आधी ते खुणेच्या उत्तरेने जाईल, दोन दिवसांनी दक्षिणेने. मध्यान्हीच्या आधी वीस आणि नंतर वीस मिनिटे, दर पाच मिनिटांनी बिंबाभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढत गेले की वाट कागदावर उमटते. सूर्याकडे मात्र बघायचे नाही, भोकातूनही नाही.

दिशा ठरवायला फोनमधल्या होकायंत्राचा भरवसा धरू नये. आपल्याकडे चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेपासून एक अंशाच्याही आतच असते, पण स्लॅबमधली सळई, टाकीचा लोखंडी स्टँड, शेजारची मोटारसायकल सुईला पाच-दहा अंश सहज फिरवते. जुनी रीत बरी. काठीभोवती वर्तुळ काढा. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला शिवेल तिथे एक खूण, दुपारनंतर पुन्हा शिवेल तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम.

आणखी एक दृश्य आहे, जे दिल्लीकराला कधीच दिसणार नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात, आकाश निरभ्र असेल तर, पुण्यात सकाळपासून उभ्या काठीच्या सावलीची दिशा नोंदवत जा. लांबी सोडा, फक्त दिशा. सूर्य ३१ मेला दिगंशाच्या (उत्तरेपासून पूर्वेकडे मोजलेल्या कोनाच्या) सदुसष्टाव्या अंशावर उगवतो, पूर्वेकडे सरकत सव्वादहाच्या सुमारास अठ्ठ्याहत्तरपर्यंत येतो, तिथे थबकतो, आणि मग उत्तरेकडे उलटा फिरतो. सावलीही तशीच : सव्वादहापर्यंत एका दिशेने वळते आणि नंतर मागे फिरते. शाळेच्या प्रदर्शनात उभ्या काठीचे ‘सूर्यघड्याळ’ करून सावलीच्या दिशेवर तास लिहितात, ते याच कारणाने आपल्याकडे चालत नाही. काठी उभी नको, ती ध्रुवाकडे रोखलेली हवी, पुण्यात साडेअठरा अंशांवर. दुसऱ्या देशातला नकाशा उतरवून केलेल्या घड्याळाची काठी पन्नास अंशांवर असते आणि मग ते का चुकते, याचा शोध लागत नाही.

घर बांधणाऱ्यांनाही हे उपयोगी आहे. दक्षिणेच्या खिडकीवर साठ सेंटिमीटरचा छज्जा असेल, तर २२ डिसेंबरच्या मध्यान्हीला त्याची सावली भिंतीवर सदुसष्ट सेंटिमीटर उतरते आणि खाली ऊन आत येते, जे हिवाळ्यात हवेच असते. विषुवदिनी तीच सावली पावणेदोन मीटरच्या पुढे जाते, खिडकी पूर्ण झाकते. इथवर छज्जा आपले काम चोख करतो. उत्तरेच्या खिडकीला ‘ऊन येत नाही’ म्हणून काही करत नाहीत, तिथे फसगत होते. मे ते जुलै सकाळी आणि संध्याकाळी तिला तिरपे ऊन लागते, आणि ते कडेने येत असल्याने वरचा छज्जा कुचकामी. तिथे बाजूला उभी फळी किंवा जाळी हवी. पश्चिमेचा तर प्रश्नच वेगळा. सूर्य तीस अंशांवर आला की साठ सेंटिमीटरचा छज्जा जेमतेम पस्तीस सेंटिमीटर झाकतो. तिथे चिकाचा पडदा, वेल, व्हरांडा, काहीही चालेल, पण छज्जा लांबवत बसू नये.

सौर पॅनेलचेही तसेच. दक्षिणेकडे तोंड, कल गावाच्या अक्षांशाइतका, हा साधा नियम महाराष्ट्रात सोळा ते बावीस अंश देतो. कुठल्या तरी परदेशी चित्रावरून पस्तीस अंशांवर बसवलेले पॅनेल जूनच्या मध्यान्हीला सूर्यापासून चाळीस अंश फिरलेले असते. थेट उन्हातले तेवीस टक्के तिथेच जातात. अठरा अंशांवर हा तोटा आठ टक्के. सौर बंबाचे गणित वेगळे, कारण गरम पाणी हिवाळ्यात हवे. तो तीस-बत्तीस अंशांवर बसवणे योग्य. पॅनेलच्या दोन ओळींतल्या अंतरावर मात्र बहुतेकदा कंजुषी होते. दोन मीटर लांबीचे पॅनेल अठरा अंशांवर ठेवले की मागची कड बासष्ट सेंटिमीटर उचलली जाते. डिसेंबरात सकाळी साडेनऊला सूर्य एकोणतीस अंश उंच असतो. तेव्हा त्या कडेची सावली मागे पाऊण मीटर पोहोचते. दोन ओळींत तेवढी जागा सोडली नाही, तर मागच्या ओळीची खालची कड रोज सकाळी सावलीत जाते, आणि एका कडेवरची सावली सबंध पॅनेलची वीज पाडते. गच्चीच्या दक्षिण कठड्याचीही सावली मोजावी : मीटरभर उंच कठडा डिसेंबरच्या दुपारी नव्वद सेंटिमीटर जागा खातो.

कोल्हापूरच्या किरणोत्सवाचे उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही, कारण ऋतू आणि अक्षांश यांचे इतके नेटके दर्शन क्वचित होते. महालक्ष्मीचे मंदिर पश्चिमाभिमुख. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीचे किरण गाभाऱ्यापर्यंत येतात. १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी हे दोन्ही दिवस दक्षिणायनाच्या टोकापासून जवळजवळ सारख्या अंतरावर आहेत, सुमारे एकेचाळीस-बेचाळीस दिवस. जाताना आणि येताना सूर्य तीच बांगडी धरतो आणि पश्चिमेच्या दक्षिणेला अठरा अंशांवर मावळतो. घड्याळात मात्र नोव्हेंबरचा सूर्यास्त सहाच्या सुमाराला आणि फेब्रुवारीचा साडेसहाच्या. वर सांगितलेला सोळा आणि चौदा मिनिटांचा फरक तो हाच.

किरण पायांवरून वर चढतात, कारण सूर्य खाली जातो तशी किरणांची रेषा सपाट होत जाते. मावळतीजवळ सूर्याला एक अंश उतरायला तिथे साडेचार मिनिटे लागतात. म्हणून क्षितिजावरची धूळ, धुके किंवा किरणांच्या वाटेत आलेले बांधकाम शेवटची पाच मिनिटे गिळते तेव्हा उत्सव चरणांवर किंवा कमरेवर थांबतो. शंभर मीटरवर वाटेत पावणेदोन मीटर उंचीची भर पडली, तर तो एक अंश झाला. बातमीत ‘अडथळ्यांमुळे किरण पोहोचले नाहीत’ असे येते. अडथळा किती अंशांचा, हे मोजून दिले तर काय काढायचे ते तरी कळेल.

जाता जाता संक्रांत. तिळातिळाने दिवस वाढतो हे खरे, पण वाढ २२ डिसेंबरपासूनच सुरू झालेली असते. पुण्यात १४ जानेवारीपर्यंत दिवस सहा मिनिटांनी वाढलेला असतो. तरी सकाळचा अंधार का हटत नाही? कारण ही सगळी वाढ, आणि वर थोडी जास्तच, संध्याकाळच्या पदरात पडते. सूर्योदय २२ डिसेंबरला ७.०३ ला, १४ जानेवारीला ७.१० ला. सूर्यास्त तर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच ५.५७ ला पोहोचून मागे फिरलेला असतो. उत्तरायण संक्रांतीला सुरू होते असे छापताना एवढे ध्यानात ठेवावे.

आमची मागणी छोटी आहे. सूर्योदय-सूर्यास्ताच्या चौकटीत तिसरा आकडा द्या : त्या आवृत्तीच्या गावची मध्यान्ह. आणि जमले तर चौथा : एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली, सेंटिमीटरमध्ये, पुढे ‘उ’ किंवा ‘द’. पुण्याच्या अंकात २१ जूनला ते असे दिसेल : मध्यान्ह १२.३६, सावली ८.६ द.

आपले,
आकाशनिरीक्षण करणारे काही वाचक, पुणे